पोरीला पाणी मानवत नाही

आमच्या शेजारच्या घरी रोज सकाळी चटणीसाठी मिक्सर लागतो. तो घरघरत असतो तोवर माझं सगळं ठीक चाललेलं असतं. मी चहा पिते, पेपर वाचते, कोण कुठल्या पक्षातून उठून कुठं गेलं यावर एकटीच तोंड वाकडं करते. मिक्सर बंद झाला की माझ्या हातातला कप खाली ठेवला जातो. मी ठेवत नाही, हातच ठेवतो. पाठ ताठ होते, बोटं गार पडतात आणि कान दाराकडं लागतात. दाराबाहेर कुणी नसतं. सत्तरी ओलांडलेली, धाराशिवात स्वतःच्या दोन खोल्यांत एकटी राहणारी मी बाई. मला कुणाची भीती वाटावी असं काही उरलेलं नाही. जन्मभर सरकारी दवाखान्यांत नर्स म्हणून लोकांच्या नाड्या पाहिल्या. एकदा गंमत म्हणून मिक्सर थांबल्यावर स्वतःची पाहिली. पेशंटची तशी असती तर त्याला मी आडवं केलं असतं आणि डॉक्टरांना हाक मारली असती.

याचं मूळ अणदूरला आहे. माझे वडील, आम्ही त्यांना आप्पा म्हणायचो, तिथं पिठाची गिरणी चालवायचे. गिरणी घराला लागूनच होती. इंजिनाच्या धुराच्या नळीवर एक डबडं उलटं घातलेलं असायचं, त्यामुळं सकाळपासून पुक पुक पुक असा आवाज गावभर जायचा. घरातली भांडी त्या आवाजानं बारीक हलत असायची, आणि देवळीतली कंगव्याची पेटी हळूहळू सरकत कडेला यायची, ती दिवसातून दोनदा आत ढकलावी लागायची. पाहुणे म्हणायचे, या आवाजात तुम्ही झोपता कसे, जेवता कसे. आम्हाला तो आवाज कळायचाच नाही. कळायचा तो बंद झाल्यावर. पट्टा उतरला की इंजिन दोन-तीन उचक्या द्यायचं, मग गप्प. आणि मग माझी आत्या, आप्पांची विधवा बहीण, चुलीपुढून न वळता म्हणायची, "इमल, गिरनी थांबली गं. पाट मांड." माझं नाव विमल. गावात विमलची इमल व्हायला वेळ लागत नाही.

आप्पा येईपर्यंत बायका दळणाचे डबे उचलून गेलेल्या असायच्या. ते न्हाणीकडं जायचे, तोवर त्यांचा चेहरा दिसायचाच नाही. भुवया पांढऱ्या, पापण्या पांढऱ्या, कानाच्या पाळ्यासुद्धा पांढऱ्या. माणूस रागात आहे की बरा आहे, हे तोंड धुतल्याशिवाय कळायची सोय नव्हती, आणि तोंड धुवून होईपर्यंत थांबलं तर उशीर व्हायचा. म्हणून मी पायांवरून ओळखायला शिकले. चपला शेजारी शेजारी काढल्या तर बरं. एक चप्पल दुसरीवर पडली तर ताटात भाकरी वाढताना बांगड्या वाजवायच्या नाहीत. चपला न काढताच पायरीवर बसले, तर मग पुढचे काही दिवस घरात कुणी बोलायचं नाही.

आप्पा मारकुटे नव्हते. हे आधीच सांगते, कारण बापाविषयी असं काही सांगायला गेलं की ऐकणारा लगेच "मारायचे का?" विचारतो आणि नाही म्हटलं की त्याचा रस संपतो. ते बोलणं बंद करायचे. कालवणात मीठ कमी पडलं, कुणी दळण दुसऱ्या गिरणीवर नेलं, इंजिनानं दगा दिला, कारण काहीही असो, ताट हातभर पुढं सरकवून उठायचे, आणि त्या क्षणापासून घरात आवाज बंद. नुसता त्यांचा नाही, सगळ्यांचा. आत्या माझ्याशी खुणेनं बोलायची. भांडं पडलं तर ते उचलायलाही आधी त्यांच्याकडं बघायचं. पाच दिवस, सात दिवस. मग एके दिवशी ते "तंबाखूची चंची कुठं हाय?" म्हणायचे आणि आम्हाला सणासारखं वाटायचं. आत्या त्या दिवशी गूळ घालून शेवया करायची. आज मला त्या शेवयांचा राग येतो. तेव्हा फार गोड लागायच्या.

आई अशाच एका नऊ दिवसांच्या अबोल्यानंतर घर सोडून गेली. मी तेव्हा पाच-सहा वर्षांची. कशावरून बिनसलं ते मला कुणी सांगितलं नाही आणि पुढं मीही विचारलं नाही. एवढं आठवतं की दहाव्या दिवशी ती गिरणीच्या दारात उभी राहिली आणि चालू इंजिनावरून मोठ्यानं म्हणाली, "म्या माणूस हाय. भिंत न्हाय." आप्पांनी दळण चालूच ठेवलं. ती गाठोडं घेऊन नळदुर्गला तिच्या भावाकडं गेली. नळदुर्ग काही लांब नाही, दोन कोस. पण आप्पांनी मला धाडलं नाही, आणि आई परत आली नाही. सोडचिठ्ठी नाही, कोर्टकचेरी नाही. दोन्ही घरं आपापल्या जागी हटून बसली आणि मधे मी.

आमच्या भागाबाहेरच्या माणसाला इथं एक गोष्ट सांगायला हवी. अणदूर आणि नळदुर्ग या दोन गावांत खंडोबा एकच आहे. देवळं दोन, मूर्ती एक. सव्वादहा महिने देव अणदूरला असतो आणि मार्गशीर्षापासून पावणेदोन महिने नळदुर्गला. न्यायला-आणायला दोन्ही गावची माणसं येतात, मानकरी कराराचा कागद करतात, भंडारा उधळतात, आणि देव पालखीत बसून निमूट जातो. पिढ्यान्‌पिढ्या हे चाललंय आणि त्यावरून कधी डोकी फुटल्याचं मी तरी ऐकलं नाही. तर माझा तंटा सोडवायला दोन्हीकडची चार माणसं बसली, तेव्हा आप्पांचे चुलते किसन आजा म्हणाले, "उगं डोकं कशाला शिणवायचं? देवाचं जसं हाय, तसं लेकराचं करा. देव हितं, पोरगी हितं. देव तकडं गेला, पोरगी तकडं. देवावानी कराया कुनाची ना हाय का?" ना म्हणायची सोयच नव्हती. आप्पांना ते मोडता येईना आणि मामालाही. अशी मी देवाच्या पाळीनं फिरू लागले. वर्षात पावणेदोन महिन्यांची आई. लोकांना या तोडग्याचं फार कौतुक होतं. जत्रेला आलेल्या बाया मला जवळ ओढून म्हणायच्या, हीच का ती देवासंगं जाणारी पोरगी?

देवाचं माहीत नाही, पण मला त्या सव्वादहा महिन्यांत अणदूरला कधी काही झालं नाही. अक्षरशः काही नाही. गावात गोवर आला, माझ्या वर्गातल्या सगळ्या पोरींना आला, मला नाही. खोकल्याची साथ आली, मी शाळेत एकटी पाढे म्हणत बसले. थंडी वाजायची नाही, भूक लागल्याचं कळायचं नाही, वाढलं की खायचं. एकदा आत्या शेजारी गेली होती आणि गिरणी अवेळी थांबली. पाट मांडायचा, पाणी ठेवायचं, तव्यावरची भाकरी काढायची, सगळं एकदम. मी फडकं न घेता तवा दोन्ही हातांनी धरून खाली उतरवला. मला काहीच झालं नाही. पाट मांडला, पाणी ठेवलं. आप्पा जेवून गेले, इंजिन परत सुरू झालं, आणि आत्यानं माझा हात हातात घेतला तेव्हा बोटांवर हरभऱ्याएवढे फोड होते. "आगं बाय माजे, कवा भाजलं? वरडली कशी न्हाईस?" मला सांगता येईना, कारण मला दुखलंच नव्हतं. आत्यानं फोडांना तूप लावलं आणि पुढं महिनाभर येणाऱ्या-जाणाऱ्याला माझे हात दाखवून सांगितलं, "लई सोशिक हाय आमची इमल." मला ते बक्षिसासारखं वाटलं. आमच्याकडं मुलीला देण्यासारखं दुसरं बक्षीस नव्हतंही.

नळदुर्गला मामाचं घर बोरी नदीच्या अंगाला होतं. मामा शेती करायचा, मामीला स्वतःचं मूल नव्हतं आणि बोलायला फार आवडायचं. पहिल्या वर्षी देवाबरोबर मी तिथं गेले, तेव्हा सगळ्यात आधी जाणवली ती शांतता. इंजिन नव्हतं. माझ्या हिशेबानं आवाज बंद म्हणजे कुणीतरी येणार. पहिले दोन दिवस मी दाराशेजारी बसून राहिले. आई म्हणायची, "इकडं ये की, चुलीपाशी ऊब हाय." मी जायची नाही. आई काही ओढून न्यायची नाही. ती तिथंच बसून हुरडा सोलायची, एकेक कणीस हातावर चोळायची आणि मूठभर दाणे माझ्या दिशेनं जमिनीवर ठेवलेल्या ताटलीत टाकायची. तिसऱ्या दिवशी दुपारी मी उठून तिच्याजवळ गेले. तिच्या मांडीवर डोकं ठेवलं. तिच्या लुगड्याला कडब्याचा आणि धुराचा वास होता. तिनं केसांत बोटं घातली, आणि तिथंच मला थंडी भरली.

असा ताप मला त्याआधी कधी आला नव्हता. दात वाजत होते, मामीनं तीन वाकळा घातल्या तरी अंग उडत होतं. अंगावर गांधी उठल्या, पोट बिघडलं, रात्री अंथरूण ओलं झालं. मी रडत होते, मोठ्यानं, शेजारी ऐकू जाईल असं. तवा धरला तेव्हा न आलेलं रडू, गोवराच्या साथीत न आलेला ताप, सगळं एकदम आल्यासारखं. महिना-सव्वा महिना ताप येत-जात राहिला, मी पडूनच होते. त्यातच येळवस आली. आमच्या भागात मार्गशीर्षातल्या अमावस्येला सगळं गाव शेतात जेवायला जातं. कडब्याची कोप, म्हणजे छोटं खोपटं करतात, पूजा करतात, आंबील, भज्जी, बाजरीचे उंडे, तिळाच्या पोळ्या. आईनं माझ्यासाठी पहाटे उठून सगळं केलं होतं. मामा-मामी शेतात गेले, आई माझ्यापाशी थांबली. तिनं चमच्यानं आंबील माझ्या तोंडाला लावली, ती मी तिच्या अंगावर ओकले. तिनं लुगडं बदललं आणि परत तशीच भिंतीला टेकून बसली.

देव परत निघायच्या सुमाराला मी बरी झाले. अणदूरला आल्यावर गिरणीचा आवाज कानावर पडला आणि दोन दिवसांत मी पहिल्यासारखी ठणठणीत. आत्यानं माझे गाल चाचपले. "वाळून आली पोरगी. तिथली हवाच सर्द, नदीकाठ." पहिल्या वर्षी दोष हवेला गेला.

दुसऱ्या वर्षी पुन्हा तिसऱ्या-चौथ्या दिवशी ताप. पुन्हा गांधी, पुन्हा उलट्या. आईनं मीठ-मोहऱ्या उतरवल्या, ओव्याचा शेक दिला, तुळशीचा काढा पाजला. डॉक्टरनं सुई दिली. तापाला कशाचं देणंघेणं नव्हतं. तो त्याच्या मनानं आला आणि त्याच्या मनानं गेला. त्या वर्षी आत्या म्हणाली, "पोरीला तिथलं पाणी मानवत न्हाय." हे मात्र सगळ्यांना पटलं. पाणी न मानवणं ही आमच्याकडं कुणालाही पटणारी गोष्ट आहे. सुना माहेराहून आल्या की त्यांना सासरचं पाणी मानवत नाही, बदलीच्या मास्तरांना मानवत नाही, नव्या म्हशीलासुद्धा मानवत नाही. यात कुणाचा अपमान होत नाही. आईलाही ते पटलं, आणि तिच्या जिवाला जरा आधार मिळाला असणार. कारण पाण्यावर उपाय होता.

इथं थोडं थांबते. माझ्या नोकरीत मी एकही रजा धड भोगलेली नाही. दिवाळीची सुट्टी लागली की घसा धरायचा. लेकीच्या बाळंतपणाला महिन्याची रजा काढली, तर चौथ्या दिवशी मीच तापानं फणफणले आणि बाळंतिणीनं मला पेज करून घातली. दवाखान्यात सगळे म्हणायचे, "सिस्टर, तुम्ही रजा घेत जाऊ नका, तब्येत बिघडते तुमची." आम्ही हसायचो. निवृत्त झाले त्याच आठवड्यात कमरेला नागीण निघाली. कामावर असेपर्यंत मात्र दगड. साथीच्या दिवसांत चौदा-चौदा तास उभी राहिले, साधी शिंक आली नाही. वरिष्ठांनी त्याबद्दल माझा सत्कारही केला, शाल आणि नारळ. आत्याच्या तुपाइतकाच तोही मला गोड वाटला.

तिसऱ्या वर्षी देव नळदुर्गला आला, मी आले, आणि त्याच दिवसापासून आईनं मला नळदुर्गच्या पाण्याचा थेंब दिला नाही. ती एक दिवसाआड पहाटे उठून घागर घ्यायची आणि दोन कोस चालत अणदूरला जायची. गावात शिरायची नाही. गावाबाहेरच्या विहिरीवर पाणी शेंदायची आणि तशीच परत फिरायची. नवऱ्याला टाकून गेलेली बाई त्याच गावच्या विहिरीवर रिकामी घागर घेऊन उभी राहते, म्हणजे तिथं आलेल्या बायकांना आयता विषय. "काय गं, मायेरचं पानी आटलं का?" असं एकीनं विचारलं होतं, हे मामीनं मला फार वर्षांनी सांगितलं. आई म्हणाली होती, "माज्या लेकीला ह्योच आड मानवतो." येताना कधी एखादी बैलगाडी मिळायची. एक ओळखीचा एस.टी. ड्रायव्हर घागर पायापाशी ठेवू द्यायचा. बहुतेक वेळा ती चालतच यायची. दारात आली की डोक्यावरची चुंबळ ओली, खांदा ओला, आणि घागरीत पाऊण पाणी. त्यात ती माझी भाकरी थापायची, त्यातच वरण शिजवायची, मला आंघोळसुद्धा त्यातल्याच दोन तांब्यांची.

चौथ्या दिवशी संध्याकाळी मी तिच्या कुशीत शिरले आणि मला ताप भरला.

त्या संध्याकाळचा आईचा चेहरा मला आठवतो, कारण तिच्याकडं बघायला मला भीती वाटत नव्हती. ती रडली नाही. माझ्या कपाळावर पट्टी ठेवली, घागरीकडं पाहिलं, आणि मामीला म्हणाली, "वैनी, हवा न्हाय. पानी बी न्हाय." मामी म्हणाली, "मंग?" आई म्हणाली, "मंग ऱ्हायलं काय? मीच की." त्या दिवसापासून आई मला मांडीवर घेईना. हाताच्या अंतरावर बसून पट्ट्या बदलायची, औषध मामीच्या हातून द्यायची. आपल्याच अंगात लेकीला बाधेल असं काहीतरी आहे, असं तिनं धरलं. मी तापात तिला हाका मारत होते आणि ती भिंतीला पाठ लावून "हाय, हाय, हितंच हाय" म्हणत होती.

मी खूप उशिरा शहाणी झाले. परंड्याकडच्या एका दवाखान्यात माझी बदली झाली होती. एक बाप आपल्या चार वर्षांच्या मुलीला उचलून घेऊन आला. शिडीवरून पडली होती, कपाळ फुटलेलं. डॉक्टरांनी टाके घातले, पोरगी हूं की चूं नाही. बाप अभिमानानं म्हणाला, "रडत न्हाय आमची." अर्ध्या तासानं तिची आई रानातून धावत आली, आणि आई दिसताच त्या मुलीनं असा टाहो फोडला की बाप घाबरून विचारू लागला, टाका उसवला का? मी सवयीनं म्हणाले, "अहो, आई दिसल्यावरच रडतात लेकरं." हे काय मी शोधलेलं शास्त्र नाही. घरोघरच्या बायांना ठाऊक असलेली गोष्ट आहे. आत्याला ठाऊक होती, मामीला होती, आईलाही होती. रडण्याबद्दल सगळ्यांना ठाऊक होतं, तापाबद्दल कुणाच्या डोक्यात आलं नाही. मी हात धुवायला आत गेले आणि नळ चालू ठेवून स्टुलावर बसून राहिले. मी आईपाशी आजारी पडत नव्हते. मी वर्षभर आजारीच होते, आणि आजारी पडायला मला जागा फक्त तिच्यापाशी होती. तोवर आईला जाऊन चार वर्षं झाली होती. हे मी तिला सांगू शकले नाही. तिच्या मयतीला मी सगळं नीट केलं, बायकांना पाणी दिलं, पाहुण्यांची जेवणं बघितली, आणि मला काहीही वाटलं नाही. लोक म्हणाले, खंबीर आहे.

त्या तिसऱ्या हिवाळ्यानंतर मी आईपाशी पुन्हा राहिले नाही. जत्रेत आम्ही तासभर भेटायचो. ती रेवड्या आणायची, पुडी माझ्या आणि तिच्यामधे दगडावर ठेवायची आणि पलीकडं बसायची. मी मोठी झाले, माझं लग्न झालं, मला मुलगी झाली, तरी ती माझ्या घरी मुक्कामाला कधी राहिली नाही. "तुला कशाला तरास?" म्हणायची. मी फार आग्रहही केला नाही. मलाही मनातून ते खरंच वाटत होतं.

आणि हे ठरलं ते माझ्याच तोंडून. देव अणदूरला परत निघायचा तो दिवस. अणदूरची माणसं न्यायला आली होती. पालखी निघायला अवकाश होता, म्हणून किसन आजा आणि आप्पा मामाच्या अंगणात आले. मी ताप उतरून आठ दिवस झालेले, दोन वेण्या घालून चौकटीपाशी उभी. मामीनं चहा दिला. आप्पा खाटेवर बसले नाहीत, कुंपणापाशी उभे राहिले. त्यांच्या अंगावर पीठ नव्हतं, धुतलेला सदरा होता, तरी मी आधी त्यांच्या पायांकडं पाहिलं. चपला पायातच होत्या.

किसन आजा आईला म्हणाले, "लेकराची दर साली आबाळ हुतीया. देवावानी करायचं आमीच बोललो हुतो. पन देवाला ताप येत न्हाय. आता तूच सांग, काय करावं?" मामा म्हणाला, "वरसाचं पावनंदोन म्हैनं. तेवढंबी काडून घेता का?" किसन आजा म्हणाले, "काडून कुनीच घेत न्हाय. पोरगी तिसरीत हाय, तिला कळतंया. तिलाच इचारू." मामा चिडला. "एवढ्याशा पोरीला काय इचारायचं?" त्यावर आजांनी कमरेची पिशवी सोडली, भंडारा काढला, वर बेलाचं पान ठेवलं आणि माझा हात ओढून त्यावर ठेवला. बेलभंडार उचलला की आमच्याकडं खोटं बोलायचं नसतं, मग ते पोर असो की पाटील. हळद तळहाताला ओलसर लागत होती. "इमल, भिऊ नगंस. देवाफुडं खरं सांगायचं. तुजी तब्येत कुठं बरी ऱ्हाती?"

सगळे माझ्याकडं बघत होते. आई उंबऱ्याच्या आत, पदर दाताखाली धरून उभी. मला आईपाशी राहायचं होतं. हे मला पक्कं माहीत होतं, तेव्हाही. पण कुठं राहायचंय असं कुणी विचारलं नव्हतं. विचारलेल्याचं तेवढंच उत्तर द्यायचं, वरचा एक शब्द बोलायचा नाही, हे माझ्या हाडीमासी खिळलं होतं. आणि मला पोटात काही वाटेना, हात माझा वाटेना. शाळेत तपासणीला साहेब आल्यावर उभी राहायची तशी उभी राहिले आणि स्पष्ट म्हणाले, "नळदुर्गला आजारी पडते. अणदूरला कधीच पडत न्हाय."

मग आई आतून म्हणाली, "खरं सांगितलं पोरीनं. घिऊन जावा." मामानं काहीतरी बोलायला तोंड उघडलं, तर ती म्हणाली, "ऱ्हाऊ द्या, दादा. म्या बघितलंय की डोळ्यानं."

तिनं माझं गाठोडं आणून बाहेर ठेवलं, माझ्या हातात न देता, पायरीवर. मी ते उचलायला वाकले तेव्हा हळूच विचारलं, "आई, बरोबर सांगितलं ना गं मी?" मला खरंच जाणून घ्यायचं होतं. ती म्हणाली, "व्हय. आगदी बरोबर." तिचा हात माझ्या वेणीपर्यंत आला आणि परत गेला.

मी आप्पांपाशी जाऊन उभी राहिले. ते म्हणाले, "शाब्बास." आणि त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. तोवर कधी ठेवला नव्हता, आणि पुढंही कधी ठेवल्याचं मला आठवत नाही. जड हात होता, गरम. तो तसाच ठेवून ते चालू लागले, मी त्यांच्या पावलाशी पाऊल जुळवत निघाले. मला फार आनंद झाला होता. आई मागं दारातच असणार. पण मान वळवली तर तो हात निघेल, म्हणून मी मागं बघितलं नाही.